दिवसाला एक मिलिमीटर

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले आणि म्हणाले, "डोळे मिटा. पायाला टाचणी लावतोय. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून वाट बघत पडलो. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ओढत नेत होतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा खोकत होते. बराच वेळ गेला तसा मीच म्हणालो, "टोचा की डॉक्टर."

डोळे उघडले तर डॉक्टर टाचणी परत ट्रेमध्ये ठेवत होते आणि नर्सबाई माझ्या उजव्या पावलाला कापूस लावत होत्या. कापसावर रक्ताचे तीन-चार ठिपके होते.

"आता पाऊल तुमच्याकडं ओढा. अंगठा वर करा."

मी सगळा जोर लावला. मांडी थरथरली, कपाळावर घाम आला. पाऊल खाली मान टाकून पडलं होतं तसंच पडून राहिलं. माझी बायको इंदू उशापाशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

याला फूट ड्रॉप म्हणतात, म्हणजे घोट्यापासून पाऊल लुळं पडणं, हे मला त्या सकाळी कळलं. साल ब्याऐंशी, दसरा नुकताच झालेला. मी बेचाळीस वर्षांचा होतो. आणि मी एस.टी.चा ड्रायव्हर होतो.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की माझ्यासारखं आणखी कुणाच्या वाट्याला आलं तर त्याला निदान पुढं काय असतं ते ठाऊक असावं. मला ते सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

माझं गाव कोडोली. घरची शेती, पण आम्ही चौघे भाऊ आणि मला लहानपणापासून गाड्यांचं वेड. बावीस वर्षांचा असताना ड्रायव्हर म्हणून लागलो. थोड्याच दिवसांत मला चंदगडची लाइन मिळाली आणि मग ती मी सोडलीच नाही. जुनी माणसं त्या लाइनला नको म्हणायची. कागल, निपाणी, गडहिंग्लजपर्यंत ठीक असायचं. पुढं नेसरी सोडली की पाऊस सुरू व्हायचा आणि चार महिने थांबायचाच नाही. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागायची. धुक्यात समोरची बैलगाडी दिसायच्या आधी तिच्या घुंगरांचा आवाज यायचा.

मला ते सगळं आवडायचं. गाडीचा आवाज पायातून कळायचा. इंजिन दमलंय की मजेत आहे, ब्रेक ओला झालाय की कोरडा, हे तळपायाला आधी समजायचं आणि डोक्याला मागून. रस्त्यावरची गावं मला ओळखायची. कुणी औषधाची बाटली कोल्हापुरातून आणायला सांगायचं, कुणी माहेरी निरोप द्यायचं. चंदगडच्या पुढं एका गावात आमची गाडी मुक्कामाला असायची. तिथं स्टँडवर एका गृहस्थांचं चहाचं हॉटेल होतं. त्यांची थोरली मुलगी सकाळी सहाला चूल पेटवून पहिला चहा आम्हाला द्यायची. तीच इंदू. चौसष्ट साली आमचं लग्न झालं. वरात माझ्याच गाडीच्या मागच्या पाच सीटवरून आली.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात गाडीच्या टपावर ओझी बांधताना माझा पाय घसरला आणि मी खाली आलो. खुबा निखळला. तो बसवला, दोन महिन्यांत मी पुन्हा गाडीवर गेलो आणि झालं गेलं विसरलो. पाच-सहा वर्षांनी जांघेत दुखायला लागलं. हळूहळू लंगडायला लागलो. मी पेनकिलर खात गाडी चालवत राहिलो. शेवटी ब्रेक दाबताना बाकावरून उठावं लागायला लागलं, तेव्हा माझा कंडक्टर बाबूराव मला ओढूनच डॉक्टरांकडं घेऊन गेला.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मरत जातं. उपाय एकच, टोटल हिप रिप्लेसमेंट. जुना गोळा काढून धातूचा बसवायचा आणि वाटी प्लॅस्टिकची. त्या काळी आमच्याकडं असं ऑपरेशन झालेला माणूस बघायलाही मिळत नव्हता. डॉक्टर बाहेर शिकून आलेले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. दुखणं जाईल, पाय सरळ होईल, चालता येईल. नसेबद्दलही एक वाक्य बोलले असावेत, पण माझं लक्ष तेव्हा एकाच गोष्टीकडं होतं. गाडी चालवता येईल का, एवढंच मी विचारत होतो. माझी सगळ्यांना हीच विनंती आहे की ते एक वाक्य नीट ऐका आणि परत विचारा.

टाचणीच्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर एकटेच पुन्हा आले. स्टूल ओढून बसले.

"खुब्याच्या मागून एक मोठी नस जाते. सायाटिक नर्व्ह. करंगळीएवढी जाड असते. पावलाला लागणारं सगळं बळ आणि बरीचशी जाणीव तिच्यातून जाते," ते म्हणाले. "तुमचा पाय इतक्या वर्षांत जवळजवळ इंचभर आखूड झाला होता. सांधा बसवताना मी तो ओढून दुसऱ्या पायाएवढा केला. त्या ओढण्यात नस ताणली गेली. तुटलेली नाही. वायरीचं वरचं रबर शाबूत आहे, आतल्या तारा तुटल्यात, असं समजा. हे माझ्या हातून झालंय."

मला राग यायला हवा होता. पण ज्या माणसानं स्वतः येऊन, स्टुलावर बसून ते सांगितलं, त्याच्यावर मला रागावता आलं नाही. आजही येत नाही.

"मग आता काय करायचं?" इंदूनं विचारलं.

"थांबायचं. नस परत वाढते. पण फार सावकाश. दिवसाला फार तर एक मिलिमीटर. खुब्यापासून पावलापर्यंत किती अंतर आहे ते तुम्हीच बघा. आणि सगळी जाणीव परत येईल असं वचन मी देणार नाही."

मी दिवसाला सव्वादोनशे किलोमीटर जाणारा माणूस. मिलिमीटर म्हणजे केवढा हे मी नर्सबाईंकडून पट्टी मागून घेऊन बघितलं.

पंधराव्या दिवशी घरी आलो. त्या काळच्या घरात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जागाच नव्हती. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. आमच्या कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत एकही खुर्ची नव्हती. गल्लीतल्या सुतारानं एक खुर्ची आणून दिली, आणि संडाससाठी दुसरी, मधोमध भोक पाडलेली.

जेवायला मी खुर्चीवर आणि इंदू आणि आमची मुलगी सुनंदा खाली पाटावर. चार दिवस मी तसाच जेवलो. पंगतीतून उठवून लावल्यासारखं वाटायचं. पाचव्या दिवशी इंदूनं कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक ओढत आणली, माझ्या शेजारी ठेवली आणि ताट मांडीवर घेऊन तिच्यावर बसली. "खाली वारं लागतंय," एवढंच म्हणाली.

खुब्याचं दुखणं खरोखरच गेलं होतं. हे सांगायलाच हवं. कित्येक वर्षांचं ते ठणकणं एका दिवसात गेलं. पण त्याच्या जागी जे आलं त्याला दुखणंही म्हणता येईना. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूनं आणि सगळ्या पावलाला बधिरपणा. जणू पायात जाड घोंगडीचा मोजा घातलाय आणि तो कुणाला काढता येत नाहीये. रात्रंदिवस गार. आणि मधेच कधीतरी आतून विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची, की बसल्या जागी मी ओरडायचो. पायाला काही कळत नाही आणि तरी तो दुखतो, हे घरच्यांना समजावून सांगणं अवघड.

चालताना पाऊल लोंबायचं म्हणून गुडघा उंच उचलावा लागायचा, नाहीतर बोटं अडखळायची. आठवड्यातून तीनदा रिक्षा करून दवाखान्यात जायचो. तिथं फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, लीलाताई. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, शेक आणि विजेचे हलके झटके देऊन स्नायू जिवंत ठेवणं. नस येऊन पोचेपर्यंत स्नायू मेला नाही पाहिजे, असं त्या म्हणायच्या. त्यांनी माझ्यासाठी एक पट्टा तयार केला. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं एक टोक कॅनव्हासच्या बुटाच्या पुढं शिवलं आणि दुसरं गुडघ्याखाली बांधलं. ट्यूब पाऊल वर खेचून धरायची. दिसायला विचित्र दिसायचं, पण मी पडायचा थांबलो.

एक चूक माझ्याकडून झाली. ती मुद्दाम लिहितो.

थंडीचे दिवस होते. पाऊल बर्फासारखं लागायचं. इंदू रोज वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तळपायाला लावायची आणि विचारायची, "बरं वाटतंय का?" पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, काहीच कळत नाही म्हणून. तिचा चेहरा इतका पडला की दुसऱ्या दिवसापासून मी म्हणायला लागलो, "व्हय, बरं वाटतंय." तिला तेवढाच आधार.

एका सकाळी पट्टा बांधायला पाय वर घेतला तर टाचेला भलामोठा फोड. वीट जास्त तापली होती. फडकं सरकलं होतं. मी तिच्याकडं बघत "बरं वाटतंय" म्हणत होतो आणि खाली कातडं भाजत होतं.

लीलाताईंनी जखम बघितली, धुऊन पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "बधिर पायाला गरम काही लावायचं नाही. वीट नाही, पाण्याची पिशवी नाही, वाळू नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा आधी हातानं बघायचं. रोज झोपताना आरसा घेऊन तळपाय बघायचा, काही टोचलंय का, कापलंय का. पाय सांगणार नाही, तेव्हा डोळ्यांनी विचारायचं."

इंदू मला रिक्षानं घरी घेऊन आली. उंबऱ्याशी मला धरून आत घेताना म्हणाली, "माझ्या हातानं तुमचा पाय भाजला. आनि तुमी बरं वाटतंय म्हनत हुतासा."

"तुला बरं वाटावं म्हनून म्हटलं."

"मला न्हाई बरं वाटलं तरी चालंल," ती म्हणाली. "खोटं सांगू नगासा. मला काय कळनार मग, कुटं थांबायचं ते?"

ती जखम भरायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात ती माझ्यावर एकदाही चिडली नाही, ते मला जास्त लागलं.

उन्हाळा आला तशी लीलाताईंनी नवी तपासणी सुरू केली. नसेच्या वाटेवर वरून खाली बोटानं टकटक करत यायच्या. नस जिथपर्यंत वाढलेली असेल तिथं टकटक केली की पुढं मुंग्या धावतात. त्या जागी शाईनं रेघ मारायची. दर महिन्याला रेघ थोडी खाली सरकायची. पहिल्या रेघा मांडीच्या मागं होत्या, मला दिसायच्या नाहीत. इंदू बघून सांगायची. ती रेघांना आमच्या लाइनवरची गावं लावायची. "कागल सुटलं," म्हणायची. गुडघ्याला तिनं निपाणी म्हटलं. लीलाताई कोकणातल्या. त्यांना गावांची नावं ठाऊक नव्हती, पण त्याही हसायच्या आणि वहीत इंच लिहून ठेवायच्या.

मधे पुण्याला जाऊन ई.एम.जी. करून आलो. स्नायूत बारीक सुया घालून, मशीनवर त्याचे आवाज ऐकून नस काम करते का बघायची तपासणी. मशीनमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज आला. तिथले डॉक्टर म्हणाले, "थोडा आहे, पण आहे." मला चंदगडच्या स्टँडचा पत्रा आठवला.

ते दिवस आता आठवले की त्रासापेक्षा माणसंच जास्त आठवतात. बाबूराव दर रविवारी यायचा. लाइनवरच्या लोकांनी पाठवलेलं काहीतरी त्याच्या पिशवीत असायचं. काजूगर, नाचणीचं पीठ, घरच्या तांदळाचं गाठोडं. एका म्हातारीनं नुसता निरोप पाठवला होता, "ड्रायव्हरला सांग, नवा मानूस गाडी लई जोरात मारतोय, आमाला तुजीच पायजे." ते ऐकून मी दोन दिवस खूश होतो आणि तिसऱ्या दिवशी रडलो.

फजितीही आठवते. दीड वर्षानं पाऊल जरा वर उचलायला लागलं, म्हणून मी एक दिवस हौसेनं बूट सोडून चपला घातल्या आणि मंडईला गेलो. भाजी घेऊन परत येताना मागून एकजण पळत आला. "ओ पावणं, चप्पल मागं ऱ्हायली की तुमची." खाली बघतो तर उजवा पाय अनवाणी. किती लांब तसा चाललो होतो कोण जाणे. तळव्यात काचेचा तुकडाही रुतला होता. त्यानं मला कट्ट्यावर बसवून तो काढला आणि तंबाखूही देऊ केली. तेव्हापासून मी चप्पल घातलेली नाही. कोल्हापुरात राहून बूट घालतो म्हणून लोक हसतात. हसू देत.

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला मला ड्यूटीसाठी तपासणीला बोलावलं. मेडिकल फिटनेस, म्हणजे गाडी चालवायला मी लायक आहे की नाही हे ठरवणारी तपासणी. तोपर्यंत पट्टा सुटला होता. पाऊल वर यायचं. टाचेवर चार पावलं चालताही यायचं. बधिरपणा मात्र घोट्याच्या खाली तसाच होता. लीलाताईंची रेघ घोट्यापाशी येऊन थांबली होती आणि तीन महिने हललीच नव्हती.

बाबूराव खुशीत होता. "दत्तोबा, पाऊल हलतंय न्हवं? मग झालं. चालून दावायचं, उचलून दावायचं. बधिर हाय ते कुनाला दिसतंय?"

मला ते पटलं. खरं सांगतो, पूर्ण पटलं. वीस वर्षं ज्या गाडीवर काढली ती समोर उभी होती आणि मधे फक्त एक वाक्य होतं, जे मी बोलायचं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं डेपोत गेलो. मागच्या बाजूला एक गाडी दुरुस्त होऊन उभी होती. ओळखीच्या मेस्त्रीनं बसू दिलं. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. मी सीटवर चढून बसलो. सव्वादोन वर्षांनी. बाकाचा फोम, डिझेलचा वास, मोठं चाक हातात. इंजिन सुरू केलं आणि माझे डोळे भरून आले. बाबूरावनं दुसरीकडं बघितलं.

"सांग मला," मी म्हणालो. "ब्रेक म्हण, अ‍ॅक्सलेटर म्हण. मी खाली बघनार न्हाई."

तो बोलत गेला. ब्रेक. अ‍ॅक्सलेटर. ब्रेक. पहिल्या पाच-सहा वेळा सगळं बरोबर आलं. गुडघ्याला जागा पाठ होती. बाबूराव हसायला लागला. मीही.

"ब्रेक," तो म्हणाला.

मी पाय नेला आणि जोरात दाबला. इंजिन फुटल्यासारखं ओरडलं. सगळी गाडी थरथरली. मी आणखी जोरात दाबलं, कारण माझ्या हिशेबानं मी ब्रेकवर होतो. खाली बघितलं तेव्हा कळलं. बूट ब्रेकवरून घसरून अ‍ॅक्सलेटरवर पूर्ण बसला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ज्या तळपायाला पूर्वी सगळं आधी समजायचं, त्याला आता दोन पेडलांतला फरकही कळत नव्हता.

मी चावी बंद केली. डेपोत एकदम शांत झालं.

"एकदाच चुकलं की," बाबूराव हळू आवाजात म्हणाला.

नेसरीच्या पुढचा उतार मला दिसत होता. भाताची पोती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, टपावर कोंबड्यांच्या पाट्या, पन्नास-साठ माणसं. ती सगळी मला ओळखणारी होती. म्हणूनच निवांत झोपायची गाडीत.

घरी जाऊन इंदूला सांगितलं. तिनं विचारलं, "मग उद्या काय सांगनार तुमी?" मी म्हणालो, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टरांनी मला चालायला लावलं, पाऊल वर-खाली करायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. "बरीच सुधारणा आहे," म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं.

"साहेब," मी म्हणालो, "तळपायाला टाचणी लावून बघा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग टाचणी घेतली. मी डोळे मिटले. थोड्या वेळानं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. ते लिहीत होते, वाहन चालवण्यास अपात्र. कागद देताना म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं."

बाहेर बाकावर इंदू बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून ती समजली. आम्ही चालतच घरी निघालो. वाटेत एक लाल गाडी आम्हाला ओलांडून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला थांबलो. ती माझा हात धरून उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "चला, सुनंदा शाळंतनं यायची झाली."

पुढचे तीन-चार महिने वाईट गेले, हे लपवत नाही. मी स्टँडकडं फिरकलो नाही. घरात चिडचिड करायचो. डॉक्टरांकडं मात्र जात राहिलो. ते म्हणाले, "नसेनं जेवढं यायचं तेवढं ती आली असावी. आता उरलेल्या बधिरपणाची वाट बघू नका. त्याच्यासकट जगायला लागा." हे ऐकायला कडू होतं, पण वाट बघणं संपल्यावर मला खरोखर हलकं वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाला मला हलकं काम मिळालं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या. पहिल्या दिवशी चंदगडची गाडी मी दोनदा पुकारली. बाहेरून बाबूरावनं खिडकीवर टकटक केली आणि म्हणाला, "दत्तोबा, आवाज खणखणीत हाय की. पार भाईरच्या रिक्षास्टँडवर ऐकू आला." हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. म्हाताऱ्या माणसांना कुठल्या फलाटावर जायचं, कुठं उतरून कुठली गाडी धरायची, हे माझ्याएवढं कुणाला सांगता येणार? लाइनवरचे लोक खिडकीत डोकावून रामराम करून जायचे.

ऑपरेशनला आता सात वर्षं झाली. धातूचा खुबा उत्तम चालतोय. पायाच्या कळा जवळजवळ गेल्या. घोट्याच्या खालचा बधिरपणा आहे तसा आहे. रोज आरशात तळवा बघणं हे दात घासण्यासारखं झालंय.

दोन वर्षांमागं इंदूच्या भावाकडं वास्तुशांत होती. आम्ही दोघं चंदगडच्या गाडीनं निघालो. इतक्या वर्षांत त्या रस्त्यानं मी प्रवासी म्हणून कधी गेलोच नव्हतो. इंदूनं मला खिडकीची जागा दिली. सुरुवातीला माझा पाय उगाचच प्रत्येक वळणावर ब्रेक शोधत होता. ड्रायव्हर तिशीचा होता, मला न ओळखणारा. चांगला चालवत होता. गडहिंग्लज गेल्यावर माझा पाय शांत झाला आणि मी बाहेर बघायला लागलो.

नेसरीच्या पुढं, डाव्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या टेकडीवर एक लहानसं पांढरं देऊळ दिसलं. भोवती आंब्याची झाडं, वर जायला दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर कुणीतरी धुतलेली वस्त्रं वाळत घातली होती.

"हे देऊळ कधी बांधलं?" मी विचारलं.

इंदू माझ्याकडं बघतच राहिली. "कधी म्हंजे? माझ्या आईचं लगीन तितंच झालंया."

"मला कसं न्हाई दिसलं कधी? वीस वर्षं हितनंच गेलो की मी."

"तुमी रस्त्याकडं बगत हुतासा," ती म्हणाली. "म्हनून तर आमाला भाईर बगत बसता यायचं."

ते देऊळ दिसेनासं होईपर्यंत मी मान वळवून बघत होतो. नंतर भातखाचरं आली, त्यात वाकलेल्या बाया आल्या, एक लांबलचक कौलारू शाळा आली. कितीतरी गोष्टी मी पहिल्यांदाच बघत होतो. इंदू मला एकेक नाव सांगत होती.

तिचं गाव आलं. मी आधी डावा पाय खाली टाकला, मग उजवा कुठं पडतोय ते डोळ्यांनी बघून तोही ठेवला. इंदू पिशव्या घेऊन भावाशी बोलायला पुढं गेली. मी वळसा घालून ड्रायव्हरच्या दारापाशी गेलो आणि त्याला रामराम केला.

"काय पावणं, काय ऱ्हायलं का गाडीत?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "गाडी चांगली आणलीस. एवढंच सांगायला आलो."